तारखेचे कप्पे

आमच्या घरी सातबारा, पावत्या, पासबुक सारे पत्र्याच्या पेटीत राहते. फोटो मात्र फोनमध्ये, एकाच ढिगात. बारशाचे, पोळ्याचे, बोंडअळीचे.

22 जुलै 2023 ला यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. आमची पऱ्हाटी पाण्यात गेली. त्या हंगामात विम्यासाठी नुकसानीची खबर 72 तासांत द्यायची होती. धन्यांनी वावरात उभे राहून फोटो काढले. पण पुढे दाखवायची वेळ आली, तेव्हा ते सापडता सापडेनात.

मग सुनेने कप्पे केले. नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस: 2023-07-22. असे लिहिले म्हणजे कप्पे आपोआप क्रमाने लागतात. दिवस आधी घातला की सगळी वर्षे एकमेकांत शिरतात. फोनने काढलेल्या मूळ फोटोत तारीख-वेळ दडलेली असते, म्हणते ती. तोच व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आतली नोंद गळते. तेव्हा बायांनो, मूळ फोटो पुसू नका.

पोळ्याचा फोटो मात्र मी वेगळ्या कप्प्यात टाकू दिला नाही. 14 सप्टेंबर 2023 चा आहे. त्यानंतर बैल विकले. राहू दे त्या हंगामाच्या पऱ्हाटीजवळच.