उद्यान एक्सप्रेसने बाप्तिस्म्याला

दुपारी पुण्याहून सुटलेली उद्यान एक्सप्रेस दौंडच्या अलीकडे केडगावावरून न थांबता पुढे जाते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन या गावात आहे. संध्याकाळी कलबुर्गी लागतं. तिथे १९१२ मध्ये रमाबाईंनी शाळा काढली आणि ती मुलीच्या, मनोरमेच्या, हाती सोपवली. मग रायचूर, गुंतकल करत रात्र सरते आणि सकाळी बंगळुरू येतं. एका बाईचं आणि तिच्या एकुलत्या एका लेकीचं आयुष्य या रुळांच्या कडेने असं पसरलेलं आहे.

आम्ही दोघी बहिणी माझ्या भाचीच्या, म्हणजे ताईच्या लेकीच्या, बाप्तिस्म्याला निघालो होतो. तिला सातवा महिना लागलेला, पहिलंच बाळ. शनिवारी डोहाळजेवण आणि रविवारी बाप्तिस्मा, असं तिने स्वतः ठरवलं होतं. ताईने ओटीचं सगळं सामान पिशवीत भरून घेतलं होतं, पण सोलापूर येईपर्यंत ती फारशी बोलली नाही. सोलापूर सुटल्यावर म्हणाली, "आता ती आपली राहील का गं?"

तिची भीती पोकळ नव्हती. ती पुस्तकांतून आलेली होती आणि ती पुस्तकं खरीच आहेत. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार मोडला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्या बाईने जे सोसलं ते तिचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेला कोणी विसरत नाही. ताईनेही ते वाचलेलं होतं.

मला मात्र त्या प्रवासात रमाबाईच आठवत होत्या. त्यांचा जन्मही कर्नाटकातला, १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यातला. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. भावाबरोबर देशभर पायी फिरत त्या कलकत्त्याला पोचल्या. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं आणि संसार आसामात सिलचरला मांडला गेला. त्या घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. ते वाचून त्यांना ख्रिस्ताची ओढ लागली आणि नवऱ्याला ते रुचलं नाही. त्याच संसारात एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. मूल वर्षाचं व्हायच्या आत पटकीने नवरा गेला. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्याबरोबर अडीच वर्षांच्या मनोरमेलाही दिला. पहिलं मूल आणि नवा विश्वास या बाईच्या आयुष्यात पाठोपाठ आले. आमच्या मुलीचंही तसंच चाललं होतं, फक्त तिचा नवरा जिवंत आहे, शेजारी आहे आणि आनंदात आहे.

कँटोन्मेंट स्टेशनवर जावई घ्यायला आला होता. हा भाग १८०९ मध्ये इंग्रजांनी वसवलेल्या छावणीचा. मूळ गाव पश्चिमेला, केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेलं. १६३८ मध्ये ते विजापूरकरांनी जिंकलं आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. त्यांच्या मागे व्यंकोजीने ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकायचं ठरवलं, पण मध्येच मोगलांनी ते घेतलं आणि त्यांच्याकडून ते म्हैसूरला मिळालं. मराठी माणूस बंगळुरूत आला की हा इतिहास त्याला हमखास ऐकवला जातो, आणि आमच्या जावयानेही गाडी चालवता चालवता तो ऐकवला. त्याची आई तमिळ, वडील कन्नड. ताई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

शनिवारी सकाळी भाची आम्हाला शिवाजीनगरला सेंट मेरीज बॅसिलिकात घेऊन गेली. ती स्वतः चर्च ऑफ साउथ इंडियाची होणार, म्हणजे प्रॉटेस्टंट, पण या कॅथलिक देवळात तिची सासू हातात हात धरून तिला नेते. आरोग्यमाता मरीयेची मूर्ती इथे साडी नेसलेली असते. ८ सप्टेंबरला, मरीयेच्या जन्मदिवशी, रथ निघतो आणि भगवी वस्त्रं नेसलेले भाविक लोटतात. त्यांत हिंदू आणि मुसलमानही असतात. उंच मनोऱ्याची गॉथिक इमारत ८ सप्टेंबर १८८२ ला प्रतिष्ठित झाली. त्याआधी इथे गवताने शाकारलेलं छोटं प्रार्थनाघर होतं, आणि ते आबे द्युबॉ या फ्रेंच पाद्र्याने बांधलं असं सांगतात.

हा द्युबॉ माणूस मला फार मोठा वाटतो. १७९२ मध्ये तो भारतात आला, इथल्या लोकांसारखा पोशाख करून त्यांच्यात राहिला. देवीची लस नवी होती तेव्हा म्हैसूर मुलखात त्याने ती लोकांना टोचवली. मुलं जगावीत म्हणून खटपट करणाऱ्या या धर्मगुरूने १८२३ मध्ये मात्र लिहिलं, की हिंदूंचं धर्मांतर होणं अशक्यच आहे. तीस वर्षं इथे काढून तो निराश होऊन फ्रान्सला परतला. देवळाबाहेर मेणबत्त्यांच्या दुकानांपुढे सर्व जातीधर्मांच्या गर्भार बायका उभ्या होत्या. द्युबॉने मोजणीच चुकीची मांडली, असं माझं मत. त्याने माणसं एका घरातून दुसऱ्या घरात गेली का एवढंच पाहिलं. दाराशी थांबणाऱ्या, आत येऊन जाणाऱ्या, दोन्ही घरी जेवणाऱ्या माणसांना त्याच्या हिशोबात जागा नव्हती.

दुपारी फ्रेझर टाउनमधल्या घरी डोहाळजेवण झालं. १८९८ च्या प्लेगात हे शहर होरपळलं आणि त्यानंतर ही मोकळ्या रस्त्यांची वस्ती आखली गेली. ताईने मोगऱ्याची वाडी घातली, पाच फळांनी ओटी भरली. सासूबाईंनी त्यांच्या वळैकाप्पूप्रमाणे दोन्ही हातांत मनगटापासून वर काचेच्या बांगड्या चढवल्या. मग चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ताईने पदर सावरला आणि डोळे मिटले.

रात्री मी भाचीला विचारलं, की लग्नाच्या वेळीच का नाही घेतलास बाप्तिस्मा? त्यांचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं होतं आणि सासरचं काही म्हणणं नव्हतं. ती म्हणाली, "तेव्हा घेतला असता तर तो याच्यासाठी झाला असता, मावशी. आता माझ्यासाठी आहे." मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाळ विचारेल तेव्हा मला खरं सांगता आलं पाहिजे."

रविवार आगमनकाळातला होता, नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी एक. बाळाची वाट पाहण्याचाच हा काळ. जुनं दगडी चर्च, आत दाराजवळ अष्टकोनी बाप्तिस्मापात्र, त्यावर शिसवी झाकण. डिसेंबरातली बंगळुरूची सकाळ गार असते, म्हणून सासूबाईंनी घरून थर्मासमधून गरम पाणी आणलं होतं. पाळकांनी ते पात्रातल्या पाण्यात मिसळलं, बोटं बुडवून अंदाज घेतला आणि मान हलवली. भाचीला गुडघे टेकता येत नव्हते. पात्राच्या कडेला एक हात धरून ती उभी राहिली. हिरव्या बांगड्या दगडाला लागून किणकिणल्या.

पाळकांनी प्रश्न कन्नडमधून विचारले. उत्तरं तिने मराठीतून दिली. तशी परवानगी तिने आधीच मागून घेतली होती. सैतानाला नाकारतेस का, ख्रिस्तावर विश्वास ठेवतेस का, या प्रश्नांना ती "होय" म्हणाली, आणि पुढे दोन वाक्यं आपली आपण बोलली. ताईला शब्द न् शब्द कळला. आपल्या भाषेचा असा हट्ट रमाबाईंनीही धरला होता. वाँटेजच्या धर्मभगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती आणि रमाबाईंना तिथे संस्कृत हवं होतं. मनोरमेने काय खावं, काय शिकावं यावरूनही त्या तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाडून भांडल्या. ख्रिस्ताला त्यांनी पुरतं स्वीकारलं, पण इंग्लंडला नाही. शेवटची वर्षं त्यांनी साध्या मराठीत बायबल आणण्यात घातली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. मनोरमा त्यांच्या काही महिने आधीच, जुलै १९२१ मध्ये, गेली होती.

पाळकांनी ओंजळीने तीनदा पाणी घातलं. ते भांगातून कपाळावर, नाकावरून हनुवटीवर आलं. ती पुसत नव्हती. ताई जागेवरून उठली, चार पावलं पुढे गेली आणि आपल्या पदराने लेकीचा चेहरा टिपला. कुणी अडवलं नाही. नंतरच्या चहाच्या वेळी पाळक ताईला म्हणाले, आमच्या विधीत हे लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं होतं.

टिळकांच्या, पदमनजींच्या काळी घरं दुभंगली, कारण एका बाजूने वाळीत टाकलं जाई आणि दुसऱ्या बाजूने जुनं सगळं टाकून ये असं सांगितलं जाई. आता दोन्ही बाजूंना हे टाळता येतं. तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा विचार करून, स्वखुशीने बाप्तिस्मा घेणार असेल आणि तुम्हाला बोलावणं आलं, तर मनात कितीही गोंधळ असला तरी तिकीट काढा आणि जा. पहिल्या बाकावर बसा. नंतर जेवायला थांबा. येणाऱ्या बाळाला आजोळ लागेल, आणि ते तुम्हीच आहात.