दिव्याच्या वरातीतली घोडी

दिवा स्टेशनात उतरून पूर्वेला गेलात तर आता भातखाचरं शोधावी लागतात. दातिवलीकडं चाळी आणि इमारती यांच्या फटीतून एखादा हिरवा तुकडा दिसतो, तेवढाच. पण लग्नसराईत वरातीची घोडी अजून येते. तुमच्याही गावी येतेच, म्हणून हे लिहितो.

गेल्या मे महिन्यात एका मांडवाबाहेर घोडीवाल्याशी बोलत उभा होतो. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. दोरी हाताला वेढा देऊन धरली होती, फटाका वाजला, घोडी उधळली. तेव्हापासून तो दोरी नुसती मुठीत धरतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळं अगदी मागचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही. पोरं मात्र नेमकी शेपटीचा केस उपटायला मागूनच धावतात! जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूनं, हाक देत. गूळ द्यायचा तो सपाट तळहातावर.

एवढं सांगणाऱ्या माणसाच्या पायात चप्पल होती, आणि अंगठ्याजवळ चुना-हळद भरलेली जखम. सकाळी नालेची कडा लागली होती. रक्त थोडंच आलं, म्हणून तो कामाला लागला होता.

लाथेला आपण भितो, अशा जखमेला भीत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत वर्षानुवर्षं टिकतात. बैलाच्या गोठ्यातही तेच. जखम वरून मिटली की आत हवा लागत नाही, आणि तिथंच ते वाढतात. जबडा आवळायला आठवडाभर किंवा अधिकही लागतो. तोवर जखम विसरलेली असते. लहानपणी टोचलेलं जन्मभर पुरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्यानं जखम धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मागचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा.

गंमत पाहा, धनुर्वातावरचा उतारा पूर्वी घोड्याच्याच रक्तापासून करत. सर्पदंशावरचं औषध आजही तसंच होतं. १८९९ पासून परळला असलेल्या हाफकिन संस्थेचं नाव त्यासाठी तुम्ही ऐकलं असेल.

घोडीवाला काही केल्या ऐकेना. “साहेब, आठला वरात आहे!” शेवटी रिक्षात घालूनच नेला. जखम धुतली, इंजेक्शन झालं. आठला तो घोडीपाशी हजर होता, पट्टीवरून चढवलेले नवरदेवाच्या काकांचे गमबूट घालून.