भाईंदरहून निघालेल्या बॅगा

भाईंदर म्हटलं की पूर्वी डोळ्यांपुढे यायचं ते मीठ. खाडीकाठचे पांढरे ढीग बघता बघता गाडी वसईच्या पुलावर चढायची. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. इमारती वाढत गेल्या आणि आता त्याच इमारतींच्या जिन्यांवरून दरवर्षी मोठमोठ्या बॅगा खाली उतरतात. कुणाचा मुलगा कॅनडाला, कुणाचा ऑस्ट्रेलियाला. आमची लेक गेली जर्मनीला.

"तिकडे फी नसते म्हणे, मग एवढा खर्च कसला?" असं सासूबाईंनी विचारलं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते हे खरंच. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याजेवणाचे ११,९०४ युरो, म्हणजे अकरा लाखांवर रुपये, आधीच एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो मुलीच्या हाती येतात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. आमच्याकडे तारण ठेवण्यासारखं काय होतं? हे दोन खोल्यांचं घर. लोकलच्या दारात लोंबकळत यांनी बावीस वर्षं हप्ते फेडलेलं. बँकेत कागद पुढे करताना यांचा हात क्षणभर थांबला. मी हळूच म्हटलं, "अहो, द्या."

मग सामानाची धांदल. मैत्रिणींनो, एक सांगून ठेवते. मी हौसेने दोन किलो साजूक तूप कढवलं होतं. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. तूप घरीच राहिलं. त्याऐवजी मेतकूट, गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी आणि लहान कुकर गेला. भाजणी खमंग भाजून पूर्ण गार होऊ द्यावी, मगच पिशवीत बंद करावी. नाहीतर ओल धरते.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं. स्टेशनबाहेरून महापालिकेची बस धरली नि उत्तनला गेले. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडले की शहर संपल्यासारखं वाटतं. वाऱ्याला समुद्राचा वास येऊ लागतो. किनाऱ्याला बांबूंवर बोंबील वाळत होते. सावलीत बसलेल्या एका कोळीणमावशींना विचारलं, "होड्या कधी परततात?" त्या म्हणाल्या, "दर्यात गेलेल्याची येळ इचारायची नसते, बाय. आपलं काम करत बसायचं." आणि खरोखरच त्यांचे हात थांबले नव्हते. मी घरी आले नि बंद पडलेलं शिवणाचं मशीन पुसून पुन्हा सुरू केलं.

लेकीचा फोन रोज येई. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, तर तिच्याकडे उन्हाळ्यात सात नि हिवाळ्यात सहा. "छान आहे गं सगळं," हेच उत्तर. मीही म्हणे, "आम्ही मजेत." एक दिवस तिच्या मैत्रिणीकडून कळलं, की ही आठवडाभर तापाने अंथरुणात होती आणि पैसे वाचवायला नुसत्या पावावर राहत होती. आणि मी तरी काय केलं होतं? यांचा रक्तदाब वाढला होता, ते तिला सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री मला आनंदीबाई जोशी आठवल्या. माहेर कल्याणचं, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी होत्या, सीरियाच्या सबात इस्लामबूली होत्या. तिघींचा आपापल्या देशाच्या वेषातला फोटो प्रसिद्ध आहे. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. पदवीचा अभिमान आपण सगळ्याच बाळगतो. त्या परक्या थंडीत ढासळत गेलेल्या प्रकृतीचा विचार मात्र मी आई झाल्यावरच केला.

दुसऱ्या दिवशी लेकीला स्पष्ट सांगितलं, "घर आम्ही आमच्या मर्जीने तारण ठेवलंय. त्याचं ओझं घेऊन उपाशी राहू नकोस. दुखलं-खुपलं तर सांग, मीही सांगेन." आणि यांच्या रक्तदाबाचं सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग ती रडली, भरपूर रडली. शेवटी म्हणाली, "आई, भाजणी संपत आलीय."

परवाच दोन किलो भाजून ठेवली आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा पुढच्या महिन्यात त्याच गावी निघालाय.