ऐकायचं कुणाचं?

आमच्या उमरखेडसारख्या गावात म्हातारपण सांभाळणं हे अगदी परवा-परवापर्यंत घरातल्यांचंच काम होतं. सून, लेक, नाहीतर शेजारची कुणीतरी. आता मुलं पुण्याला, नाहीतर त्याही पलीकडे, आणि घरात "आजीसाठी ठेवलेली बाई". यात वाईट काहीच नाही. पण पगार देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा, असं झालं की एक प्रश्न पडतो. त्या बाईने ऐकायचं कुणाचं?

माझी आत्या ८२ वर्षांची. मांडीचं हाड मोडल्यापासून आधाराशिवाय उठता येत नाही, डोकं मात्र लख्ख. गेल्या दिवाळीत दादाने ठरवलं, तिच्या खोलीत कॅमेरा बसवायचा. रात्री पडली-बिडली तर लगेच कळावं म्हणून. हेतू चांगलाच. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई तेवढ्या म्हणाल्या, "आजीला इचारलं का? त्यांचे कपडे मी इथंच बदलते जी."

दादा चिडला. "पैसे मी देतो," म्हणाला. मग आत्याच बोलली, "ओसरीत लाव कॅमेरा. मला हाताशी एक घंटा दे."

मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका आठवल्या. १९७३ साली हल्ला झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना त्यांनी २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं सांभाळलं. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा अरुणाबाईंच्या वतीने कुणी बोलायचं, हा प्रश्न आला. २०११ मध्ये न्यायालयाने तो मान दिला रात्रंदिवस सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना. पण अरुणाबाईंना स्वतःला काही सांगता येत नव्हतं. आत्याला येतं! मग तिच्या वतीने दादाने, मी किंवा बाईंनी तरी का बोलावं?

२००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी यासाठी मुलांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. गरजेचाच आहे तो. पण अंगावरची चादर काढण्याआधी "काढू का?" असं विचारणं कुठल्या कायद्यात बसवणार? ते त्या खोलीतल्या माणसाच्या हातात असतं. आणि त्या माणसाला ते जपता यावं, म्हणून मालकापुढे बोललं तरी नोकरी जाणार नाही, एवढा भरवसा आपणच द्यायला हवा ना?

दादाची काळजी खोटी नाही. घंटा वाजवायला माणूस शुद्धीवर लागतो, हे तो म्हणतो ते खरंच आहे. तरीही आत्याने तो धोका समजून-उमजून पत्करलाय, आणि तो पत्करण्याचा हक्क तिचाच आहे असं मला वाटतं.

असो. कॅमेरा सध्या ओसरीत आहे. बाईही आहेत. दादा हे वाचणार आहेच, त्याने खाली भांडावं. आणि तुमच्या घरी कसं ठरतं, तेही सांगा.