समुद्रकांठीं बाळाचें ताट

सोलापुरासारख्या कोरड्या मुलखांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना समुद्राची ओढ किती असते, हें कोंकणांतल्या माणसाला सांगून कळावयाचें नाहीं. वैशाखांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर चढून बसला आणि सिद्धेश्वराच्या तळ्यावरचा वाराही पोळूं लागला, म्हणजे घरांतील लहानथोरांच्या तोंडीं एकच विषय असतो: यंदा समुद्रावर केव्हां जावयाचें? मग रजा जुळविल्या जातात, आणि कोठें उतरावें, कोणत्या घाटानें जावें, काय काय पाहावें, यांवर रात्रीं गच्चीवर खल होतो. या सर्व खलांत एका गोष्टीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. बरोबर जें दीड-दोन वर्षांचें मूल असतें तें तेथें काय खाईल, काय पिईल आणि तें कोण ठरवील, ही ती गोष्ट होय. मोठीं माणसें चार दिवस कसेंही खाऊन निभावून नेतात. मुलाचें तसें नसतें. साऱ्या सहलीचें सुख शेवटीं त्या चिमुकल्या पोटावर अवलंबून असतें, आणि म्हणूनच वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या विषयावर चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां, दोघे चिरंजीव, दोघी सुना, माहेरपणास आलेली कन्या आणि तीन नातवंडें, असा आमचा परिवार गणपतीपुळ्याच्या बाजूस गेला होता. नातवंडांपैकीं धाकटी नात अवघी दीड वर्षांची. मंगळवेढें, सांगोलें, मिरज, कोल्हापूर असे टप्पे घेत आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता आम्हां सोलापूरकरांस सोईचा पडतो. उतरावयाची सोय पुळ्याहून जवळच, मालगुंड या केशवसुतांच्या जन्मगांवीं, एका घरगुती बिऱ्हाडांत केली होती. सोलापूरकराची शिदोरी ठरलेली असते: कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. ही शिदोरी आमच्या हवेंत आठवडाभर खुशाल राहते. मालगुंडास मात्र दुसऱ्याच दिवशीं डबा उघडला तों भाकरी सादळून चिवट झालेली! आमच्या सौभाग्यवतींस त्या भाकरीचें फार वाईट वाटलें. परंतु ती भाकरी आम्हांस एक उपयुक्त गोष्ट सांगून गेली. घरच्या हवेंत बसलेला अन्नाचा अंदाज तेथें उपयोगी पडत नाहीं. मुलासाठीं नेलेलीं बिस्किटें, भाजलेलें पीठ, दुधाची भुकटी यांचा डबा एकदां उघडला कीं ओल धरतो. म्हणून तो लहान लहान पुड्यांत न्यावा. कालवलेला दूधभात किंवा खीर दोन तासांहून अधिक ठेवूं नये, आणि ऊन कडक असेल तर एका तासाहूनही नव्हे. शिदोरीबरोबर जे अख्खे शेंगदाणे, फुटाणे प्रवासांत हातोहात फिरतात ते पांच वर्षांखालील मुलाच्या हातीं मुळींच देऊं नयेत. हंसतां-धांवतां दाणा श्वासनलिकेंत जातो. द्राक्षें द्यावयाचीं तर तीं उभीं चिरून द्यावीं.

दुसरा अंदाज चुकतो तो घामाचा. सोलापुरांत उन्हांतून फिरून आलें तरी अंग बहुधा कोरडें असतें, कारण घाम येतो न येतो तोंच उडून जातो आणि जातांना अंगाची उष्णता घेऊन जातो. समुद्रकांठीं पारा ३३ अंशांच्या आसपास असला तरी हवा ओलाव्यानें भरलेली असते. तेथें घाम उडत नाहीं, नुसता निथळतो, आणि अंग निवत नाहीं. वाऱ्याच्या सुखांत मोठ्या माणसांना हें ध्यानांत येत नाहीं. आलें तरी तीं पाणी मागून घेतात. दीड वर्षांचें मूल पाणी मागत नाहीं, तें चिडचिड करतें, आणि आपण त्यास भूक लागली असें समजून बिस्कीट पुढें करतों! येथें थोडा हिशेब केला पाहिजे. १० किलो वजनाच्या मुलाच्या अंगांतून अर्धा लिटर पाणी गेलें तर वजनाचा शेंकडा पांच इतका हिस्सा गेला. ६० किलोच्या माणसाच्या मानानें तेंच तीन लिटर होतात. एवढ्यानें मोठा माणूसही आडवा होईल. यास्तव मूल वाळूंत खेळत असतां दर पाव-अर्ध्या तासानें, तें मागो न मागो, त्यास चार घोट पाणी पाजावें, आणि त्याची लघवी नेहमींप्रमाणें होते कीं नाहीं यावर लक्ष ठेवावें.

आतां पाणी कोणतें, हा प्रश्न येतो. समुद्रावर पोंचल्यावर आमच्या नातीनें सर्वांत आधीं तोंडांत घातली ती वाळू, आणि त्यावर प्यावयास घेतलें तें समुद्राचें पाणी. एक-दोन घोटांनीं कांहीं बिघडत नाहीं, परंतु समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ओंजळीमागून ओंजळ पोटांत गेली तर तहान भागण्याऐवजीं अंगांतलेंच पाणी ओढलें जातें. विहिरीचें किंवा नळाचें पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिटभर तसेंच उकळूं द्यावें आणि झांकून निववावें. एवढ्यानें बहुतेक रोगजंतु मरतात. डोळ्यांदेखत फोडलेलें शहाळें उत्तम, मात्र तें स्वच्छ पेल्यांत ओतून द्यावें, आणि रोजच्या पाण्याच्या ऐवजीं नव्हे तर त्याच्या जोडीला द्यावें. कोकमाचें सरबत फार गोड असतें, तर सोलकढींत हिरवी मिरची असते; शिवाय नारळाचें दूध उन्हांत लवकर आंबतें, म्हणून दुपारची सोलकढी रात्रीं मुलास देऊं नये. बर्फाच्या बाबतींत आम्ही कठोर आहों. मासळीच्या बंदरांतून बर्फ पुष्कळ असतो, पण तो मासळी टिकविण्यासाठीं. खाण्याचा बर्फ निराळा ओळखतां यावा म्हणून न खाण्याच्या बर्फास निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रांत २०१८ सालीं झाला. परंतु गोळ्यावर लाल-हिरवें सरबत ओतल्यावर बर्फाचा मूळ रंग कोण पाहूं शकेल?

मग मुलानें खावें तरी काय? याचें उत्तर त्या मुलखाच्या माजघरांतच असतें. ज्यांच्याकडे आम्ही उतरलों होतों त्या वृद्ध यजमानीणबाईंनीं पहिल्याच सकाळीं आमच्या सुनेस सांगितलें, "अगो, पोरीला आधीं दोन घांस मऊभात घाल, बाकीचें मग." भरपूर पाण्यांत शिजविलेला तो मऊभात, त्यावर घरचें साजुक तूप, किंचित् मीठ आणि चिमूटभर मेतकूट! आमच्या ज्वारीच्या मुलखांतलें तें पोर वाटी चाटूनपुसून मोकळें झालें. दुपारीं उकड्या तांदळाची पेज, मधल्या वेळीं केळें, कधीं मऊ लुसलुशीत घावन, कधीं शहाळ्यांतली कोंवळी मलई, आणि दिवसाकाठीं पिकल्या हापुसाच्या दोन फोडी. जो मुलूख जेथल्या हवेंत शेंकडों वर्षें राहिला आहे त्यानें त्या हवेला साजेसें बालान्न शोधून ठेवलेलें असतें. त्यांत पाणी असतें, मीठ असतें, आणि तें ताजें शिजवून तेव्हांच संपवावयाचें असतें. घरून नेलेल्या डब्यांचा अभिमान धरण्यापेक्षां या अन्नाला शरण जाणें शहाणपणाचें.

इतकें सर्व जमलें तरी एक अडचण राहते, आणि खरें सांगावयाचें तर तीच मोठी आहे. आमच्या बिऱ्हाडीं मोठीं माणसें सात. त्यांपैकीं सहाही जणांना त्या मुलीस खाऊं घालण्याचा हक्क, आणि तिनें न खाल्ल्याचा ठपका मात्र सातवीवर, म्हणजे तिच्या आईवर! एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें चित्र निराळें सांगावयास नको. किनाऱ्यावर काका भाजलेलें कणीस आणतो, आत्या भेळेंतले चार चुरमुरे भरविते, आजी पेढ्याचा तुकडा हातावर ठेवते, मोठीं भावंडें आपल्या गोळ्याचा एक चोखा देऊं करतात. प्रत्येकाचें देणें चिमूटभर, आणि प्रत्येकाच्या देण्यांत निखळ प्रेम. परंतु जेवणाची वेळ झाली म्हणजे मूल मान फिरवितें, आणि मग कोणीतरी सहज बोलून जातें, "दोन दिवसांत पोर किती वाळली ग! तूं तिला कांहीं भरवीत नाहींस का?" त्या वेळीं त्या आईच्या चेहऱ्यावर जें दिसतें तें आम्हीं पाहिलें आहे. अधिकार सर्वांचा आणि जबाबदारी एकटीची, ही वांटणी कोठल्याही कचेरींत चालणार नाहीं. घरांत ती आपण पिढ्यान् पिढ्या चालविली आहे.

तिसऱ्या रात्रीं मुलीस जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत पांच वेळां झाले, एकदां उलटीही झाली. घरांत जी धांवपळ उडाली तींत एकच व्यक्ति शांत होती, आणि ती म्हणजे तिची आई. तिनें उकळून निवविलेलें एक लिटर पाणी मोजून घेतलें, त्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळविलें, आणि प्रत्येक जुलाबानंतर अर्धा पेला पाणी चमच्या-चमच्यानें पाजिलें. उलटी झाली तेव्हां दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरुवात केली. अंगावरचें दूधही तिनें बंद केलें नाहीं. हीच जलसंजीवनी. आंतड्याच्या अस्तरांतून साखर व मीठ एकमेकांचा हात धरून आंत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातें, एवढेंच तिचें रहस्य. म्हणून प्रमाण मात्र चुकवूं नये, आणि मीठ अश्रूंच्या खारटपणाहून अधिक होऊं देऊं नये. सकाळीं डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं मुलगी तपासून हेंच चालूं ठेवा म्हणून सांगितलें आणि कांहीं दिवस घ्यावयाचें जस्ताचें औषध दिलें. यजमानीणबाईंनीं पेज केली, आणि तिसऱ्या प्रहरीं पोरीनें वाटी मागितली. मात्र डोळे खोल गेले, रडतांना अश्रु येईनासे झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाहीं, शौचांत रक्त दिसलें किंवा मूल मलूल पडून राहिलें, तर घरगुती उपायांवर विसंबून क्षणभरही राहूं नये, हें वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

या साध्या पाण्यामागें एक मोठा इतिहास आहे. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धाच्या वेळीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांत पटकीची सांथ उसळली आणि शिरेंतून देण्याचें सलाईन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महलनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलें पाणी तयार करवून तें पाजण्याचें काम रोग्यांच्या नातलगांवरच सोंपविलें. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. तोंडावाटे दिलेल्या पाण्यानें पटकी हटेल हें त्या काळीं पुष्कळ डॉक्टरांसही पटत नव्हतें. २०२२ सालीं ते वारले आणि पुढील वर्षीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. आम्हांस त्यांच्या कामांतील जी गोष्ट मोलाची वाटते ती ही कीं, त्यांनीं उपाय तर दिलाच, पण तो करण्याचा अधिकारही उशाशीं बसलेल्या माणसाच्या हातीं दिला.

कोणाच्या हातचा कोणता घांस बाधला याची चौकशी आमच्याकडे दुसऱ्या दिवशीं बराच वेळ चालली. सहा जणांच्या साक्षींतून कांहींएक निष्पन्न झालें नाहीं. तेव्हां आम्हीं कुटुंबप्रमुख या नात्यानें एवढेंच ठरविलें कीं, यापुढें मुलीच्या तोंडांत जें जाईल तें तिच्या आईला विचारून जाईल. यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "आम्हीं तीन मुलें वाढविलीं, तेव्हां कोणाला विचारलें होतें?" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु विचार करतां आम्हांस असें दिसलें कीं, घरीं भरविणारे हात दहा असले तरी चूल एक असते. कोणीही भरविलें तरी अन्न त्याच स्वयंपाकघरांतलें, त्याच पाण्यांत शिजलेलें. समुद्रावर हात तेच राहतात, पण चुली पन्नास होतात. तेथें मुलाचें रक्षण करणारी एकच चूल उरलेली नसते. ती जागा एका माणसानें घेतली पाहिजे, आणि तें माणूस आईच असणें स्वाभाविक आहे. हें म्हणणें त्यांस पटलें असावें, कारण त्या दिवशीं सायंकाळीं पेढ्याची पुडी त्यांनीं न बोलतां सुनेच्या हातीं दिली.

उरलेले दोन दिवस आमच्या घरांत आजीचें, काकाचें, आत्याचें प्रेम कमी झालें असें कोणासही दिसलें नाहीं; तें फक्त ताटांतून वाळूंत गेलें. मुलाला भरविण्याखेरीज मुलावर प्रेम करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, आणि समुद्रकांठीं तर ते फुकट मिळतात. येत्या सुटींत ज्या घरचीं मंडळी लहानग्यांस घेऊन समुद्रावर निघणार असतील, त्यांना आमचें सांगणें इतकेंच: मुलाच्या ताटांत काय पडावें तें त्याच्या आईनें ठरवावें, आणि बाकीच्या सर्वांनीं खुशाल किल्ले बांधावेत.