पडद्यावरचं डबकं

बाबांना पार्किन्सन्स आहे. चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. दारात, वळणावर, मागून कुणी हाक मारली की हमखास. जिना मात्र ते बऱ्यापैकी चढतात. उभी हयात तारापूर एमआयडीसीत पाळ्या केलेला हा माणूस सालवडच्या स्वतःच्या घरात उंबऱ्याशी अडतो, तेव्हा जीव तुटतो.

उपचारासाठी आम्ही मुंबईला जातो. तिथे ट्रेडमिल आहे, समोर मोठा पडदा. पडू नयेत म्हणून बाबांच्या छातीला पट्टे बांधून ते वर अडकवतात. कॅमेरा पावलं टिपतो आणि पडद्यावरच्या रस्त्यात बाबांना आपलीच पावलं चालताना दिसतात. "काका, डबकं आलं, पाय उचला," फिजिओथेरपिस्ट ताई सांगतात. बाबा ओठ घट्ट मिटून गुडघा असा उचलतात, की पँट खरंच भिजणार असावी! मग दगड येतो, मग दोन वाटा फुटतात, आणि कुठली धरायची ते पाय न थांबवता ठरवायचं असतं.

एरवी आपण विचार न करता चालतो, ते मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियामुळे. डोपामिन कमी पडलं की ही सोय बिघडते. डोळ्यांपुढे ओलांडायला काही असलं, तर मेंदू पाऊल उचलायला दुसरा मार्ग धरतो. जिन्याचं कोडं इथे सुटतं. पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनी पार्किन्सन्स असलेल्या एका नातेवाइकांसाठी घरातल्या फरशीवर जिन्याचा भास होणारं चित्र अंथरलं आणि ते त्यावरून चालत गेले. २०१५ च्या टेडएक्स भाषणात त्यांनी हे सांगितलंय.

ते ऐकून मीही खोलीपासून मोरीपर्यंत रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या, बाबांच्या पावलाचं अंतर ताईंकडून ठरवून घेऊन. घरात त्यांचा फार उपयोग होतो. पण गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला, समोरून सायकल आली, तर पट्ट्या काय करणार? चालताना लक्ष दोन ठिकाणी ठेवायची सवय पडद्यावर होते. पाच देशांत मिळून ३०२ वृद्धांवर झालेला अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा सराव. नुसत्या ट्रेडमिलपेक्षा पडद्यासह चाललेल्यांचं पडणं नंतरच्या सहा महिन्यांत कमी झालं.

आठवड्यातून तीनदा! बोईसरहून डहाणू लोकलने दोन-अडीच तास. लेव्होडोपाच्या गोळीचा अंमल काही तासच टिकतो. त्यातले चांगले तास गाडीच्या गर्दीत उभं राहण्यात जातात आणि बाबा ट्रेडमिलवर चढतात तेव्हा हात पुन्हा थरथरू लागलेले असतात. हा उपचार बोईसर-पालघरातच मिळायला हवा. इथल्या एका फिजिओथेरपिस्टकडे ट्रेडमिल आहे. पडदा, कॅमेरा आणि वरचे पट्टे कसे बसवता येतील ते विचारायला पुढच्या खेपेला मी त्यांनाच ताईंकडे घेऊन जाणार आहे.