अनारसे

अनारसा ज्यानें खाल्ला नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. परंतु तो ज्यानें स्वतःच्या हातानें केला आहे असा विद्यार्थी त्याहूनहि दुर्मिळ. वार्षिकाच्या या पानांवर मुलांनीं सहलींचीं वर्णनें लिहावीं व शिक्षकांनीं उपदेश करावा, असा परिपाठ आहे. यंदा तो थोडा बाजूस ठेवून आम्ही स्वयंपाकघरांतील एका विद्येविषयीं लिहीत आहों. ती आम्हांस आमच्या आईनें शिकविली. आम्हांस दोन भाऊ आहेत, बहीण नाहीं. त्यामुळें नाताळचा फराळ करतांना आईच्या हाताखालीं कोणीं राबावें, हा प्रश्न आमच्या घरीं कधीं निघालाच नाहीं.

प्रथम कृति सांगतों. जाडा, जुना तांदूळ धुवून तीन दिवस पाण्यांत भिजत ठेवावा व पाणी रोज बदलावें. चौथ्या दिवशीं तो उपसून पंचावर पसरावा व सावलींत वाळूं द्यावा. मात्र त्यांतील ओल अगदीं जाऊं देऊं नये. दाणा बोटांत चुरला पाहिजे आणि तळहातास किंचित् गारवा लागला पाहिजे. मग तो कुटून पीठ बारीक चाळणीनें चाळावें. एक वाटी पिठास पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ व चमचाभर तूप घालून मळावें, गोळे करावे, आणि डब्यांत झांकून चार-पांच दिवस तसेच राहूं द्यावे. करावयाच्या दिवशीं पीठ फार घट्ट वाटल्यास थोडें दूध किंवा पिकलें केळें घालून सैल करावें. लहान गोळी खसखशीवर थापावी व खसखशीची बाजू वर ठेवून मंद आंचेवरील तुपांत सोडावी. अनारसा उलटूं नये. झाऱ्यानें वरून तूप उडवीत राहावें. जाळी पडून बदामी रंग आला कीं चाळणींत उभा करून ठेवावा, म्हणजे तूप निथळतें.

या सर्व खटाटोपाचीं कारणें आम्हांस पुढें महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकतांना उमगलीं. तीन दिवसांत तांदूळ किंचित् आंबतो व दाणा ठिसूळ होतो. गूळ पिठांतील ओल स्वतःकडे ओढतो, आणि डब्यांतल्या दिवसांत ती सर्व गोळ्यांत सारखी मुरते. तुपांत पडतांच त्या ओलीची वाफ होते. ती जेथून बाहेर निघते, तेथें जाळी पडते. गूळ अधिक झाला किंवा तूप पुरें तापलें नसलें, म्हणजे गूळ वितळून पिठाची पकड सुटते आणि अनारसा कढईभर पसरतो. यालाच अनारसा हसला असें म्हणतात. तसें झाल्यास बाजूस राखलेलें थोडें कोरडें पीठ गोळ्यांत मिसळावें. ‘बाकी सर्वांनीं हसावें, अनारशानें हसूं नये,’ असें आई म्हणे. ती इयत्ता चौथीपर्यंत शिकलेली होती. कारणें तिला ठाऊक नव्हतीं. परंतु त्यांचीं कार्यें तिच्या हातांत होतीं.

आमचें बालपण अहमदनगरांत गेलें. त्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. आमच्या शेजारच्या काकूंच्या घरीं अधिक महिन्यांत जावयास ३३ अनारसे देण्याची चाल होती. तो महिना सुमारें पावणेतीन वर्षांनीं येतो. तेव्हां पंचावरचा तांदूळ पाहण्यास आईस बोलावणें येई. दिवाळींत त्यांचें ताट आमच्याकडे येई, नाताळांत आमचें त्यांच्याकडे जाई. कोणतेंहि ताट रिकामें परत गेल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आईचें माप म्हणजे एक पितळी वाटी. १९५६ सालीं दशमान वजनमापांचा कायदा झाला, शेर-पावशेर मागें पडले, किलो आले. ती वाटी मात्र राहिली. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ या पुस्तकानेंहि वाटी-चमच्याचेंच माप घरोघर नेलें. पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. तथापि तळहातास लागणारा गारवा कोणत्या वाटीनें मोजावा?

२०१४ च्या ऑक्टोबरांत आईस पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणें अडखळूं लागलें. डिसेंबर आला तेव्हां यंदा फराळ नको, असें घरांत सर्वांनीं मनाशीं धरलें होतें. आईनें डाव्या हातानें फळीवरील पितळी वाटीकडे बोट दाखविलें. मग तिची खाट स्वयंपाकघराच्या दाराशीं आणिली. चौथ्या दिवशीं आम्हीं चिमूटभर तांदूळ तिच्या डाव्या तळहातावर ठेविला. तिनें मूठ मिटली आणि मान हालविली: अजून नाहीं. तासाभरानें पुन्हां ठेविला. तेव्हां होकार मिळाला. करावयाच्या दिवशीं कढई तिला खाटेवरून दिसत नव्हती. तिनें पिठाचा एक कण तुपांत सोडावयास सांगितलें, कान दिला, आणि एकेक शब्द जुळवीत म्हणाली, ‘थांब. तूप बोलत नाहीं.’ कांहीं वेळानें दुसरा कण सोडला. बारीक, एकसारखा चुरचुराट उठला. ‘आतां,’ ती म्हणाली. त्या दिवशीं एकहि अनारसा हसला नाहीं. आई मात्र हसली. तिच्या हातांतील विद्या हात गेला तरी गेली नव्हती, हें तिनें आम्हांस व बहुधा स्वतःसहि दाखविलें.

पुढल्या जुलै महिन्यांत ती गेली. गेल्या नाताळास आमची दहा वर्षांची पुतणी वही घेऊन आमच्याजवळ बसली व सर्व मापें तिनें नीट उतरून घेतलीं. ओलीपाशीं येऊन तिनें विचारलें, ‘काका, किती गार?’ त्यास आमच्यापाशीं शब्द नव्हता. आम्हीं चिमूटभर तांदूळ तिच्या तळहातावर ठेविला व तिची मूठ मिटविली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींहि अशी एखादी विद्या कोणाच्या तरी हातांत असेल: पापडाचें पीठ कुटण्याची, लोणचें मुरविण्याची, गोधडी शिवण्याची. येत्या सुटींत त्या माणसाजवळ बसा. वही अवश्य घ्या, पण हातहि पुढें करा; मुलांनीं तर विशेषेंकरून करावा. शाळा उघडल्यावर काय शिकलांत तें आम्हांस दाखवावें. तपासण्यास आम्ही केव्हांहि तयार आहों. अनारसे असल्यास मधल्या सुटींतहि.